जपानमधल्या मराठी मंडळींसाठी : फुरुसातो नोझेई करताना आधी १ जानेवारी बघा, मग तांदूळ

निशिकासाईकर

नमस्कार मंडळी,

आमच्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब सहा वर्षं टोकियोत काढून येत्या २० डिसेंबरला पुण्याला कायमचं परत चाललंय. परवा वहिनी पाच-पाच किलो तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन दारात उभ्या. "फुरुसातो नोझेईचे आहेत, यंदा जरा जास्तच मागवले गेले, आता आमच्याने संपायचे नाहीत." (या योजनेत गावाला दान केलं की गाव बदल्यात वस्तू पाठवतं.) किती दान केलं विचारलं तर म्हणाल्या साठ हजार येन. "दोन हजार सोडून बाकीचे पुढच्या वर्षी करातून वळते होतातच ना?"

नाही होत. त्यांच्या बाबतीत जवळजवळ काहीच वळतं होणार नाही. दोघेही चांगले शिकलेले, दर वर्षी हे करत आलेले, पण शेवटच्या वर्षाचं गणित वेगळं असतं हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळपासून मनाला लागून राहिलंय, म्हणून हा धागा. नोव्हेंबर २०२५ चालू आहे, यंदाचं दान करायला ३१ डिसेंबरपर्यंत वेळ आहे, तेव्हा आत्ताच लिहितो.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. फुरुसातो म्हणजे मूळ गाव, नोझेई म्हणजे कर भरणं. योजना २००८ साली सुरू झाली. त्याआधीच्या वर्षी सुगा योशिहिदे (पुढे पंतप्रधान झाले ते) गृह व दळणवळण खात्याचे मंत्री असताना त्यांनी ही कल्पना लावून धरली. ते स्वतः आकिताच्या ग्रामीण भागातले. म्हणणं असं, की पोराला शाळा, दवाखाना, रस्ता पुरवतं गाव, आणि पोरगं कमवायला लागलं की कर भरतं शहरात. मग त्यातला थोडा वाटा गावाकडे वळवायची सोय हवी. मनीऑर्डरींवर चुली पेटलेल्या आपल्या कोकणाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण नियमात गाव तुमचंच असलं पाहिजे अशी अट नाही. म्हणून ज्यांचं मूळ गाव चिपळूण किंवा बार्शी आहे, त्यांनाही होक्काइदोचं एखादं गाव निवडता येतं. राष्ट्रीयत्व, व्हिसा काही आड येत नाही. तुम्ही इथे जुमिनझेई (रहिवासी म्हणून नगरपालिकेला द्यायचा कर) भरता का, एवढाच प्रश्न. भरत असाल तर दानातले दोन हजार येन तुमच्या खिशातून, बाकी रक्कम मर्यादेत असेल तर आयकरातून आणि जुमिनझेईतून वजा होते. भारतातल्या ८०जीशी तुलना करू नका. तिथे दान उत्पन्नातून वजा होतं, इथे हिशेब असा बांधलाय की शेवटी दोन हजार वगळता सगळी रक्कम करातून सुटावी. वर गाव आपल्याकडची वस्तू पाठवतं, दानाच्या तीस टक्के किमतीपर्यंतची.

आता मुख्य मुद्दा. जुमिनझेई तुम्हाला लागते ती १ जानेवारीला तुमचा पत्ता जपानमध्ये असेल तर. त्या दिवशी तुम्ही जिथे नोंदलेले, ती नगरपालिका तुमच्या मागच्या वर्षीच्या कमाईवर कर लावते आणि जूनपासून पगारातून कापते. २०२५ मध्ये केलेलं दान २०२६ च्या जुमिनझेईतून वजा होणार. पण २० डिसेंबरला पत्ता काढून तुम्ही विमानात बसलात तर २०२६ ची जुमिनझेई लागतच नाही. कर नाही, मग वजावट कशातून? उरते फक्त आयकराची बाजू. दहा टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर साठ हजारांच्या दानावर साधारण सहा हजार येन परत, तेही स्वतः काकुतेइ शिंकोकु म्हणजे विवरणपत्र भरलं तरच. म्हणजे अठरा हजारांचे तांदूळ आणि फळं चोपन्न हजारांना पडली.

(वर्षभराची जुमिनझेई वाचते हा फायदा त्यांना आहेच, आणि तो मोठा आहे. पण म्हणून हे चोपन्न हजार जायला हवे होते असं नाही.)

हेच कुटुंब जानेवारीच्या दहा तारखेला निघालं असतं तर दान पूर्ण लागू झालं असतं, मात्र वर्षभराची जुमिनझेईही बसली असती. तेव्हा तिकिटाची तारीख ठरवताना आणि दान करताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी समोर ठेवा. ज्यांची बदली, कंत्राट, घरचं आजारपण अशी टांगती तलवार आहे त्यांनी वर्षाच्या सुरुवातीला घाईने दान करू नये. डिसेंबरमध्ये चित्र स्पष्ट झाल्यावर करावं.

---

आकडेमोड

अत्यंत गरजेचा धागा. थोडी भर घालतो.

जानेवारी ते मे दरम्यान देश सोडणाऱ्यांनी लक्षात ठेवा, चालू वर्षाची उरलेली जुमिनझेई कंपनी शेवटच्या पगारातून एकदम कापते. पण जूनमध्ये येणारं नवीन बिल वेगळं. ते घ्यायला आणि भरायला इथे कोणीतरी 'नोझेई कानरिनिन', म्हणजे तुमच्या वतीने कर बघणारा माणूस नेमून जावा लागतो. मित्र चालतो. कुयाकुशोत (वॉर्ड कचेरीत) एक फॉर्म असतो. दानाची वजावट त्या जूनच्या बिलात दिसेल.

मर्यादेबद्दल. सरकारी तक्त्यात ५० लाख येन वार्षिक पगार असलेल्या एकट्या माणसाला सुमारे ६१ हजार येनची मर्यादा आहे. तोच पगार, पण बायको किंवा नवरा घरी असेल, जोडीदाराची वजावट घेत असाल, तर ४९ हजार. ७० लाखाला हेच आकडे १,०८,००० आणि ८६,०००. आपल्यातले बरेच जण पोर्टलवर (दान करायच्या वेबसाइटवर) एकट्याचा आकडा बघून मोकळे होतात.

आणि आपल्या लोकांचा खास घोळ म्हणजे भारतातले आई-बाबा. नेनमात्सु चोसेईत (वर्षअखेरीस कंपनी करते त्या कराच्या हिशेबात) त्यांना अवलंबित दाखवलं की कर कमी होतो, आणि कर कमी झाला की फुरुसातोची मर्यादाही खाली येते. दोन्हीकडचा पूर्ण लाभ एकाच येनवर मिळत नाही. शिवाय २०२३ पासून परदेशात राहणारे ३० ते ६९ वयाचे नातेवाईक तेव्हाच धरले जातात, जेव्हा ते विद्यार्थी असतील, अपंग असतील किंवा तुम्ही त्या एका व्यक्तीला वर्षात ३ लाख ८० हजार येन किंवा जास्त पाठवले असतील, तेही ज्याच्या-त्याच्या नावावर. बाबांच्या खात्यात दोघांचे मिळून पाठवले तर आई धरली जात नाही. यंदा आई-बाबा धरले जाणार आहेत की नाहीत हे ठरल्याशिवाय मर्यादेच्या टोकापर्यंत जाऊ नका. मी दर वर्षी दहा टक्के मोकळे सोडतो.

---

पंचगंगाकाठची

निशिकासाईकर दादा, वाचता वाचता पोटात गोळा आला. आमची चूक इथेच विचारते.

माझा व्हिसा डिपेंडंट आहे, मी नोकरी करत नाही. घरातली सगळी ऑनलाइन खरेदी माझ्या अकाउंटवरून होते, म्हणून ऑक्टोबरमध्ये हे दानही तिथूनच केलं. वीस हजार, यामानाशीतल्या एका गावाला, द्राक्षांसाठी. कार्ड ह्यांचं. आता पावती आलीय ती माझ्या नावाने. यांच्या करातून वजा होईल ना? कार्ड तर त्यांचंच आहे.

---

आकडेमोड

ताई, पावतीवर ज्याचं नाव तोच दाता. तुम्हाला उत्पन्न नाही म्हणजे तुमच्या नावे कर नाही, आणि तुमच्या नावाची पावती त्यांना वापरता येत नाही. तुम्ही उद्या सकाळीच त्या गावाच्या कचेरीत फोन करा. बहुतेक ठिकाणी नाव बदलून देत नाहीत, तरी विचारायला हवं.

बाकीच्यांनी आजच आपापल्या पोर्टलवर जाऊन दात्याचं नाव तपासा. मायनंबर कार्डावर (सरकारी ओळखपत्रावर) जसं आहे तसं, त्याच क्रमाने. आपली लांबलचक नावं रोमन लिपीत पूर्ण, पोर्टलवर कातकाना या जपानी लिपीत अर्धी, असं झालं की गावच्या कारकुनाला जुळवता येत नाही.

---

नागोयातला नवा

मी एप्रिलमध्ये आलो. पगारातून अजून जुमिनझेई कापतच नाहीत. मग मी दान करायचं की नाही? ऑफिसमधले जपानी सहकारी म्हणतात पुढच्या वर्षीपासून कर.

---

निशिकासाईकर

यंदाच करू शकता. तुमच्या एप्रिल ते डिसेंबरच्या कमाईवर जुमिनझेई लागेल ती पुढच्या जूनपासून, आणि यंदाचं दान त्यातूनच वजा होणार. सहकाऱ्यांचा घोटाळा असा होतो, की 'यंदा कर नाही म्हणून यंदा दान नाही' असं वाटतं. फक्त मर्यादा नऊ महिन्यांच्या पगारावर काढा, बारा महिन्यांच्या नव्हे. महिन्याला चार लाख असेल तर कमाई झाली ३६ लाख, तुम्ही एकटे असाल तर तीस हजारांच्या आसपास थांबा.

आणि पुढच्या जूनमध्ये हातात येणारा पगार अचानक कमी होईल, त्याची तयारी ठेवा. पहिल्या वर्षी ती सवलत नसते, कर एक वर्ष मागून येतो इतकंच. माझ्या पहिल्या जूनमध्ये मी पगारपत्रक घेऊन थेट एचआरकडे गेलो होतो.

---

शिंकोकुवाली

वन-स्टॉपबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. २०१५ पासून ही सोय आहे. वर्षात पाच किंवा कमी नगरपालिकांना दान केलं असेल तर विवरणपत्र न भरता एकेका गावाला अर्ज पाठवला की झालं, सगळी वजावट जुमिनझेईतून होते. अर्ज १० जानेवारीपर्यंत पोचला पाहिजे, टाकला नव्हे. नवीन वर्षाच्या सुट्टीत पोस्टाने पाठवून बसू नका. मायनंबर कार्ड असेल तर बऱ्याच गावांचे अर्ज मोबाइलवरच होतात.

माझं नुकसान झालं ते दुसऱ्याच कारणाने. २०२१ मध्ये बाळंतपण, त्याआधीचे उपचार, खर्च खूप झाला होता म्हणून वैद्यकीय खर्चाच्या वजावटीसाठी मी विवरणपत्र भरलं. फुरुसातोचे चार वन-स्टॉप अर्ज आधीच गेले होते, त्यामुळे ते पुन्हा लिहिले नाहीत. विवरणपत्र भरलं की वन-स्टॉपचे सगळे अर्ज आपोआप रद्द होतात! सगळी दानं विवरणपत्रात नव्याने लिहावी लागतात. मला हे कळलं थेट जूनमध्ये, कंपनीने ती लांब, अरुंद पट्टी हातात दिली तेव्हा. जुमिनझेईची निर्णय-सूचना. त्यात कर-वजावटीची चौकट असते आणि डावीकडे खाली बारीक अक्षरात शेरा. माझ्या पट्टीवर शेऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. बाळाला मांडीवर घेऊन ती पट्टी खिडकीच्या उजेडात धरून मी तीन वेळा वाचली.

पण ते पैसे परत मिळाले. दुरुस्तीचा अर्ज पाच वर्षांपर्यंत करता येतो. कर कार्यालयातल्या वयस्कर बाईंनी शेजारी बसून माझ्याकडून एकेक पावती भरून घेतली. म्हणून सांगते, गावाकडून आलेल्या पावत्या फेकू नका, आणि जूनमध्ये ती पट्टी वाचल्याशिवाय फाइलमध्ये घालू नका.

---

त्सुरुमीचा बाप

माझं मत वेगळं आहे, ते मांडतो. राग मानू नये.

मी योकोहामात राहतो. फुरुसातो नोझेईमुळे देशात सगळ्यात जास्त कर गमावणारं शहर हेच. २०२४ च्या आर्थिक वर्षात तीन हजार कोटी येनहून जास्त. टोकियोत सेतागाया वॉर्डाचे हजार कोटींच्या वर गेले. सर्वसाधारण नगरपालिकेला या तुटीच्या ७५ टक्के रक्कम केंद्राकडून भरून मिळते, पण टोकियोच्या २३ वॉर्डांना आणि कावासाकीला तीही नाही. म्हणजे निशि-कासाईतल्या माणसाने बाहेर वळवलेला प्रत्येक येन एदोगावाच्या, म्हणजे त्याच्या वॉर्डाच्या, तिजोरीतून कायमचा गेला.

आपण परदेशी लोक या वॉर्डांकडून किती घेतो ते बघा. माझी मुलगी होइकुएनमध्ये (पाळणाघरात) आहे. शाळेत गेल्यावर जपानी भाषेचा आधारवर्ग लागणार. कुयाकुशोत इंग्रजी बोलणारा माणूस खिडकीवर बसवलेला असतो तो आपल्यासाठी. आपण मतदार नाही, नगरसभेत आपला आवाज नाही, आणि जो एक कर आपण तिथे भरतो तोही फळांच्या बदल्यात दुसरीकडे पाठवायचा? मला ते पटत नाही. मी तीन वर्षांपूर्वी बंद केलं.

---

निशिकासाईकर

राग कसला, हा विचार मलाही पडतो. एक छोटी भर, आवाज अगदीच नाही असं नाही. आपले योगेंद्र पुराणिक जपानी नागरिकत्व घेऊन २०१९ मध्ये एदोगावाच्या वॉर्डसभेवर निवडून आले होते. पण मुद्दा तुमचा खरा आहे. मी स्वतः यंदा मर्यादेच्या निम्मंच वळवणार आहे.

एक गोष्ट मात्र नोंदवावीशी वाटते. योजना बिघडली ती वस्तूंच्या चढाओढीने. ओसाकाजवळचं इझुमिसानो आठवा. २०१८ च्या आर्थिक वर्षात अमेझॉनची गिफ्ट कार्डं वगैरे वाटून त्यांनी जवळपास पाच हजार कोटी येन गोळा केले. त्यानंतर २०१९ च्या जूनपासून कायद्याने वस्तू तीस टक्क्यांच्या आत आणि स्थानिकच हवी असं ठरलं. इझुमिसानोला योजनेतून वगळलं, ते सुप्रीम कोर्टात गेले आणि २०२० मध्ये जिंकलेही. २०२५ च्या ऑक्टोबरपासून पोर्टलचे पॉइंट देणंही बंद झालंय. म्हणजे हळूहळू ते मूळ हेतूकडे ओढायचा प्रयत्न चालू आहे. २०२४ च्या आर्थिक वर्षात देशभरातून १ लाख २७ हजार कोटी येन जमले, त्यातला पुष्कळ पैसा खरोखर ओस पडत चाललेल्या गावांत गेला. होक्काइदोतल्या कामिशिहोरोने या पैशातून बालवाडी मोफत केली आणि तिथे तरुण कुटुंबं राहायला आली. तेही खरं आणि तुमची होइकुएनही खरी.

---

कानाझावाहून

मी इशिकावात राहते. २०२४ च्या १ जानेवारीला, संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी, इथे जमीन हलली तेव्हा मी ओट्यापाशी उभी होते. आमच्या घरातली फडताळं उघडून पडली, तेवढ्यावर निभावलं. नोतो द्वीपकल्पात, तिथल्या वाजिमा शहरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंच.

त्या आठवड्यात मी पहिल्यांदा फुरुसातो नोझेई केलं. वस्तू न घेता. पोर्टलवर आपत्तीसाठी वेगळं पान असतं, तिथून दिलेलं दान थेट त्या गावाला जातं, आणि करातली वजावट तशीच मिळते. दुसऱ्या गावांनी पुढे होऊन पावत्या-कागदांचं काम आपल्याकडे घेतलं होतं, म्हणजे वाजिमाच्या कर्मचाऱ्यांना तेवढा वेळ माणसांकडे बघायला मिळाला. ही रीत २०१६ च्या कुमामोतो भूकंपापासून आहे.

त्सुरुमीच्या दादांना एवढंच विचारते, वस्तू नको आणि स्वतःच्या शहराचंही नुकसान नको असेल तर दोन्हींचा मेळ असाही घालता येतो ना? स्वतःच्या शहराला देखील दान करता येतं. स्थानिक रहिवाशाला वस्तू मिळत नाही, पण पैसा ग्रंथालयाला की मुलांसाठी ते बऱ्याच ठिकाणी निवडता येतं.

---

त्सुरुमीचा बाप

स्वतःच्या शहराला देता येतं हे मला माहीत नव्हतं. योकोहामाचं पान बघतो आज रात्री. आभार.

---

वरणभात

एवढ्या गंभीर चर्चेत मी तांदळाचं विचारते, चालेल का? आम्ही शाकाहारी. यादीत वर कायम मोम्बेत्सुचे स्कॅलॉप-खेकडे आणि मियाकोनोजोचं गोमांस. आमच्या उपयोगाचं काय? २०२५ मध्ये दुकानात तांदूळ पाच किलोला चार हजारांच्या वर गेला, म्हणून पहिल्यांदाच या वाटेला जातेय.

---

पंचगंगाकाठची

तांदूळच घ्या. कोशिहिकारीचा नवा तांदूळ सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, कुकरला पाणी नेहमीपेक्षा कमी घाला. भात इंद्रायणीसारखा चिकट, आसट होतो. वर तूप-मेतकूट. मसालेभाताला चालत नाही, त्याला बासमतीच. आमच्या धाकट्याला आजारपणात हाच भात लागतो. दहा किलो एकदम मागवू नका, दमट हवेत पोरकिडे होतात. महिन्याला पाच किलो पाठवणारी गावं आहेत, ती बघा. बाकी यामानाशीची शाइन मस्कट द्राक्षं, पीच, होक्काइदोचे बटाटे, मध. ताजी फळं मात्र तुम्ही भारतात असाल त्या आठवड्यात येणार नाहीत ना ते बघून घ्या, परत गेलेली पेटी पुन्हा पाठवत नाहीत.

आणि आमचं काय झालं ते सांगायचं राहिलं. काल सकाळी फोन केला. पलीकडच्या बाईंनी खूप वेळ थांबवून, वरिष्ठांना विचारून सांगितलं, की पैसे जमा झालेत, आता दात्याचं नाव बदलता येत नाही. माझी जपानी तोडकीमोडकी, तरी त्या हळूहळू, सोप्या शब्दांत बोलत राहिल्या, आणि शेवटी द्राक्षं आवडली का ते विचारलं. आवडली म्हणाले. खरंच आवडली होती.

ह्यांच्या मर्यादेत अजून जागा आहे. रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या नावाने वेगळं अकाउंट काढलं, मायनंबर कार्ड समोर ठेवून नावाचं एकेक अक्षर मिळवलं, आणि दहा हजार वाजिमाला पाठवले, वस्तूशिवाय. वन-स्टॉपचा अर्ज मोबाइलवर लगेच झाला. आकडेमोड दादा, पुष्टीची ईमेल आलीय, त्यात नाव ह्यांचंच आहे. अजून काही तपासायचं राहिलं का?

---

आकडेमोड

पत्ता. १ जानेवारीच्या आत घर बदलणार असाल तर १० जानेवारीपर्यंत त्या गावाला कळवा. नसेल बदलणार तर तुमचं काम झालं, ताई. जूनमधली पट्टी आली की शेऱ्याची जागा बघा आणि इथे लिहा.